मेन स्विच

घरामागच्या शेडमध्ये हे सीएनसी मशीन उतरलं, तेव्हा सासूबाईंनी नाक मुरडलं. "ही दुसरी सून कुठून आणलीत?" म्हणाल्या. बदल्यात आम्ही लोखंड कापायचं, हाताने चालवायचं जुनं मिलिंग मशीन दिलं होतं. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये उजव्या हाताची बोटं गेल्यापासून ह्यांच्या पकडीत त्याच्या चाकाची मूठ राहतच नव्हती. हे मशीनही कुणीतरी वापरून टाकलेलंच, पण ते बटणांवर चालतं, आणि बटण दाबायला एक बोटही पुरतं.

माझ्या भावाने ह्यांच्यासाठी एका कारखान्याच्या गेटवर बसायची नोकरी बघून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं. त्याआधी मशीन चाललं तर नाही म्हणून कळवायचं, असं ठरलं होतं. भावाने चांगल्या मनानेच बघितली होती नोकरी. पण जन्मभर लोखंडातून केसाएवढा फरक काढणाऱ्या माणसाने गाड्यांचे नंबर टिपत बसायचं, या विचाराने माझा जीव तुटायचा. ह्यांच्याजवळ तर तो विषय काढायची सोयच नव्हती.

ह्यांनी उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, वाळलेलं ग्रीस खरवडून काढलं, आणि रविवारी सकाळी स्क्रीन लागली. त्यावर बॅटरी संपत आल्याची खूण लुकलुकत होती.

"ही मशीनच्या आठवणीची बॅटरी," हे म्हणाले. "लोखंड बसवायचं हे टेबल तिन्ही दिशांना किती सरकवायचं, कुठे थांबवायचं, सगळे आकडे हिच्या जिवावर आहेत. मशीन चालू ठेवूनच बदलायची. मध्येच वीज गेली तर सगळं पुसलं जाईल."

मी टॉर्च धरला. ह्यांनी मशीनचं मागचं दार उघडून हात आत घातला आणि जुनी बॅटरी काढली. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. आत दिवे लागलेले आणि त्यात मुलाचा हात. अपघातापासून आमच्या घरात एकच नियम होता, मशीनला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद. तो नियम त्यांनीच घातला होता. त्यांनी काही विचारलं नाही, भिंतीवरचा खटका खाली ओढला.

"अगं आई," एवढंच हे म्हणाले.

बॅटरी बसवून पुन्हा वीज दिली. स्क्रीनवर नुसती शून्यं. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, आकडे लिहिलेली कागदपत्रं कधीच भंगारात गेली. मशीन बनवणारी कंपनी तर केव्हाच बंद पडलेली. हे उलट्या क्रेटवर बसले.

"उद्या किती वाजता जायचंय, भावाला विचार," मला म्हणाले.

"मी तुझ्या हातासाठीच केलं रे," सासूबाई म्हणाल्या. चहाचा कप अजून त्यांच्या हातातच होता.

"माहीत आहे, आई."

ते ह्यांनी इतक्या शांतपणे म्हटलं की माझं डोकंच फिरलं. "ते आकडे काय आकाशातून पडले होते का?" मी म्हटलं. "माणसानेच भरले होते ना? मग तुम्ही भरा."

"तुला वाटतं तितकं सोपं नाही ते," हे म्हणाले. पण उठले, बहुधा माझं तोंड बंद करायलाच.

आधी ह्यांनी मशीन बंद केलं. टेबलाचा लांब स्क्रू हाताने फिरवला. एका फेरीत टेबल किती सरकतं ते मी टेबलाला लावलेल्या मापाच्या डायलवर वाचलं आणि खडूने भिंतीवर लिहिलं. मग मशीन चालू करून ह्यांनी एकेक आकडा आत भरला. काही मोजलेले, काही नुसते अंदाजाने.

"अंदाज चुकला तर टेबल सुसाट जाऊन आपटेल. स्क्रू वाकला की खेळ खलास. आई, तू लाल बटणापाशी उभी राहा. ते दाबलं की सगळं थांबतं."

"मी? सुनेला सांग."

"हिच्या हातून गॅसवरचं दूध वेळेवर बंद होत नाही. तुझ्याइतका चपळ हात कुणाचा आहे?"

एरवी मी ऐकून घेतलं नसतं.

टेबल हललं. सासूबाईंनी लगेच बटण दाबलं. पुन्हा हललं, पुन्हा दाबलं. टेबल जरा तरी सरकल्याशिवाय आकडा बरोबर की चूक ते कळणार कसं? हे वैतागले, मग वाकून आईच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "हललं की नाही दाबायचं. मी सांगेन तेव्हाच."

"आणि काही झालं तर?"

"उद्यापासून गेटवर बसणारच आहे. त्याहून वाईट काय होणार?"

ह्यांनी डाव्या हाताने चालू करायचं बटण दाबलं आणि उजवा, तो उरलासुरला हात सरकत्या टेबलावर ठेवला. टेबल अडखळतंय का ते ह्यांना नेहमी तळहातालाच कळायचं. सासूबाईंची नजर त्या हातावरून हलेना. लाल बटणावर त्यांनी पंजा टेकवून ठेवला होता. मी डायल वाचायचं विसरून त्यांच्याकडेच बघत राहिले.

टेबल सरकत गेलं आणि सांगितलं होतं तिथेच थांबलं.

ह्यांनी डायल बघितला, पुन्हा बघितला. "ही दिशा जमली," म्हणाले. "अजून दोन बाकी आहेत. आई, तू बस आता, दमली असशील."

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. बटणावरचा हात त्यांनी काढला नाही. "तू चालव."