राख शून्य

पेटवण्याआधी नव्या धर्तीच्या सिगारेटची कांडी त्र्याऐंशी मिलिमीटर होती. यंत्राने आठ झुरके ओढल्यावरही त्र्याऐंशीच. टोकाचा कोळसा तेवढा लाल होई आणि त्याच्या आचेने मागची तंबाखू तापे, जळत नसे. राख शून्य. मार्च २००४ मध्ये दोहातल्या आमच्या खासगी लॅबमध्ये मी हे मोजलं आणि रिपोर्टवर सही केली.

कार्बन मोनॉक्साइडही मोजला होता. साध्या सिगारेटपेक्षा थोडा जास्तच निघाला. पण आयातदाराने पाठवलेल्या फॉर्मवर टार, निकोटिन आणि राख एवढेच रकाने होते. लॅबचे मालक बशीरभाई म्हणाले, विचारलं तेवढंच सांगायचं. तेव्हा मला ती शिस्त वाटली. आकडा माझ्या वहीत राहिला.

दोहाच्या कडेला मुऐदरला आम्ही एका व्हिलाच्या प्लायवूडने पाडलेल्या भागांत भाड्याने राहायचो. शेजारी रत्नागिरीचे फजल आणि नूरी, आणि त्यांची पाच महिन्यांची तसनीम. एसी चालू, खिडक्या बंद. फजल सिगारेट ओढायला फाटकापाशी जाई, भर उन्हातसुद्धा. नूरीचा तो नियमच होता. जुलैत मात्र तो पाळण्याशेजारी बसून ती कांडी ओढताना दिसला. तसनीम आठवडाभर खोकत होती.

मी विचारलं तेव्हा नूरीने किराणा दुकानातलं पत्रक पुढे केलं. धूर नाही, राख नाही, घरच्यांसाठी निर्धास्त. खाली आमच्या लॅबचं नाव आणि माझी सही.

"तुमचाच कागद बघून मी त्याला आत घेतला, एस्थरबाई. बिचारा उन्हात करपायचा."

मी कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूबद्दल सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग ते कागदावर का नाही लिहिलंत?"

फजल हसला. बाईंच्या बोलण्यापेक्षा आपला बाईंच्या सहीवर जास्त भरवसा आहे, म्हणाला. आणि दुसरी कांडी पेटवली.

मला त्याचा राग आला नाही. राग आला तो रकाने कुठले ठेवायचे हे ठरवणाऱ्यांचा, आणि ते मुकाट्याने भरणाऱ्या माझा.

दुसऱ्या दिवशी आयातदाराचा सेल्समन डग्लस लॅबमध्ये आला. तो माझ्याच वसईचा. पुदिन्याच्या स्वादाची नवी कांडी आणि तोच जुना फॉर्म. मी आणखी एक रकाना हवा म्हटल्यावर तो बशीरभाईंकडे बघून हसला.

"ही केमिस्ट आहे की चर्चमधला फादर? कॉन्फेशन घ्यायला बसलीय."

बशीरभाईंनी पेन माझ्याकडे सरकवलं. माझा व्हिसा त्यांच्याच नावावर आहे, याची आठवण त्यांनी हळू आवाजात, जवळजवळ मायेने करून दिली. चार महिने मी त्यांचंच ऐकून गप्प होते.

मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली.

"मार्चचा रिपोर्ट मी मागे घेतेय, बशीरभाई. नव्यात कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पहिल्या ओळीत येईल. माझ्या सहीची एक प्रत आरोग्य खात्यात जाईल, आणि एक आजच फजलच्या हातात."