फाइव्ह स्टार वळू

छाती : पाच.

वासराचे पुढचे दोन खूर बाहेर आले आणि तिथंच थांबले. लाखी सकाळपासून कळा देत होती. पहिलटकरीण कालवड, तिला उभं राहवेना, बसवेना. रविराजनं कंपनीत रजा टाकली होती. त्याची आई, सारजाबाई, लाखीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "रवी, खूर बघ बाबा. वासराचं हायत का रेड्याचं?"

रविराजनं बघितलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

उंची : पाच. चपळाई : पाच. पाय, पाठ, डोळा, कातडी, स्वभाव, वंश : पाच, पाच, पाच, लिहीत गेलं की हात थांबत नाही.

वळू आणला तो मागच्या जत्रेनंतर. गावातली निम्मी पोरं चाकणच्या कंपन्यांत, तरी दावणीला खिल्लार गाय प्रत्येकाच्या. शर्यतीचा बैल घरच्या गाईच्या पोटचाच हवा, ही हौस काही सुटत नाही. वर्गणी काढून गावासाठी एक वळू घ्यायचा ठरलं, चार बघून झाले, आणि कोणता घ्यायचा यावरून टपरीवर रोज भांडणं. रविराज कंपनीत क्वालिटीला. त्यानं चारही वळूंचा तक्ता केला, दहा रकान्यांचा.

"एवढं कोण वाचणार राव?" नवनाथ म्हणाला. "मोबाइल घेताना काय बघतो आपण? स्टार. बिर्याणी मागवताना? स्टार. एक आकडा टाक ना ग्रुपवर!"

रविराजनं सरासरी काढली. या वळूची आली चार पूर्णांक सहा. पाच केले.

ग्रुपवर अंगठेच अंगठे.

वेत : एक.

हा दहावा रकाना, गाय किती सुखानं विते याचा. वळूचे जुने मालक, निघोज्याचे दत्तोबा, काही लपवणारे नव्हते. "याची वासरं लई थोराड," ते म्हणाले होते. "मुरलेल्या गाईला खुशाल दाखवा. कालवडीला न्हाई." रविराजनं इमानदारीनं एक लिहिला. मग तो एक नऊ पाचांच्या गर्दीत बुडाला.

कंपनीत ब्रेकच्या भागाला असं चालत नाही. बाकी मापं सोन्यासारखी असू देत, एक भेग दिसली की लाल पट्टी, भाग भंगारात. नव्या पोरांना हे रविराजच शिकवतो. भेगेची सरासरी काढायची नसते, म्हणतो.

म्हणतो.

डॉक्टर मिनल चौकात अडकल्या होत्या. कंटेनर आडवा झाला होता. फोनवर एकच सांगत होत्या, "मी येईपर्यंत ओढू नका. कुणीही ओढू नका." मायलेक बसून राहिले. लाखी मान लांब करून हंबरायची, मग हंबरणंही बारीक होत गेलं.

डॉक्टर आल्या, कोपरापर्यंत हात घातला, दोर बांधला. वासरू निघालं तेव्हा त्यात जीव नव्हता.

"गोऱ्हा व्हता," सारजाबाई म्हणाली. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "बापाची छाती घिऊन आला माझा राजा."

लाखीचे मागचे पाय हलेनात. डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली. "नस दबलीय. दोन-तीन दिवस बघू. उठली तर उठली." हात धुता धुता त्यांनी विचारलं, "वळू कुठला? आणखी कुठल्या कालवडी दाखवल्यात त्याला?"



गावात एक समज आहे. पहिलं वेत ज्या वळूचं, पुढची सगळी वेतं त्याच्या वळणावर जातात. म्हणून मुरलेल्या गाईंवर कुणी हा वळू खर्ची घातलाच नाही. फाइव्ह स्टार राखून ठेवला तो कालवडींसाठी.

"सगळ्या," तो म्हणाला.

संध्याकाळच्या आत तो पहिल्या दारी गेला. नवनाथ पाटीतून पेंड चारत होता. त्याची कालवड दोन्ही कुशींनी फुगली होती.

"ये भावा! व्याली का लाखी? पेढे कुठंयत?" नवनाथनं तिच्या पोटावर थाप मारली. "माझीचं बघ. ट्रॅक्टर हाय आत."

रविराजनं सांगितलं. दत्तोबा काय म्हणाले होते तेही सांगितलं.

नवनाथ आधी हसला. मग त्याचा हात कालवडीच्या पोटावर तसाच राहिला. आतून काहीतरी ढुशी मारत होतं.

"तू तर पाच टाकले व्हते."

"व्हय."

"मग आता?"

"डॉक्टरला आधीच सांगून ठेवायचं. त्या वेळेत पोचल्या तर..."

"खुराक तोडू का? बारीक ऱ्हाईल का वासरू?"

"आता नाही राहत रे. उलट हिचीच ताकद जाईल."

नवनाथनं ऐकलं. तरी वाकून त्यानं पाटी उचलली आणि भिंतीकडं सरकवली. कालवडीनं दावं ताणलं. पेंडीकडं जीभ काढून ती उभी राहिली, आणि दोघांपैकी कुणालाही ती पाटी परत पुढं करता येईना.