पहिला घोट

मासळीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या ताईचा आवाज खणखणीत होता, पण टॉन्सिल्सनी तिला वर्षभर छळलं होतं. शेवटी ऑपरेशन ठरलं. थोरल्या भावाचे याच ऑपरेशननंतरचे हाल तिनं लहानपणी पाहिले होते. त्याला थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. जेवणाची वेळ झाली की तो पलंगाखाली लपायचा.

"तेव्हाचं विसरा," तिनं हे सांगितल्यावर घशाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही भुलीखाली असतानाच टॉन्सिल काढलेल्या जागी बधिर करणारं आणि सूज कमी करणारं इंजेक्शन देऊ. अजिबात दुखणार नाही असं म्हणत नाही, पण गिळता येईल."

शुद्धीवर आल्यावर ताई डोळे मिटूनच पडून राहिली. घसा जड होता, पण ज्या आगीची तिनं धास्ती घेतली होती, ती काही भडकेना. नर्सनं पाणी पुढे केलं तसं शेजारी बसलेल्या भावानं तोंड फिरवलं. त्याला ते बघवेना. ताईनं जीव मुठीत धरून एक घोट घेतला. गेला! दुसराही गेला. हळूहळू पेला रिकामा झाला.

"खूप दुखतंय का गं?" भावानं भिंतीकडे बघतच विचारलं.

"सोसवेल इतकंच," ती हळूच म्हणाली. "दादा, इकडे बघ तरी!"

तिनं रिकामा पेला ढाल जिंकल्यासारखा उंच धरला होता. भावाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तो हसतच सुटला.

"माझ्या वेळी कुठे होतात हो तुम्ही?" त्यानं आत येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"बालवाडीत," त्या म्हणाल्या.