टोपातलं थँक यू

उत्तम गुरवला ‘सर’ म्हणणारी माणसं अख्ख्या जगात पंधरा-सोळाच होती, आणि ती सगळी दर रविवारी सकाळी बाळकुमला मनुबाईच्या पडवीत त्याच्याकडे इंग्रजी बोलायला शिकत. बाकीचे दिवस तो वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टपाल सांभाळायचा. तिथे शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे ‘ए उत्तम’ अशीच हाक मारायचे. म्हणून त्या पडवीत त्याचा जीव अडकला होता.

मनुबाई खाडीवरची कोळीण. नवरा गेलेला, आवाज खणखणीत. पडवी तिने अशीच दिली होती, भाड्याचा विषय कुणीच काढला नव्हता. मासळी बरी मिळाली की तिच्याकडून कालवणाचा टोप यायचा. उत्तमची बायको शेवंती तो घासून आत मूठभर तांदूळ, नाहीतर नारळाची कवड, अगदीच काही नसलं तर गुळाचा खडा टाकून परत करायची. रिकामं भांडं परत करू नये, हे शेवंती राजापुरात शिकली होती आणि मनुबाई बाळकुमात.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात वर्गात ‘थँक यू’ आलं. उत्तमने तो एक शब्द कितीतरी रविवार पुरवला. कंडक्टरने तिकीट दिलं, थँक यू. कुणी वेळ सांगितली, थँक यू. आणि समोरून थँक यू आलं की मान जराशी झुकवून म्हणायचं, ‘मेन्शन नॉट’. शिकवता शिकवता तो शब्द सरांनाच बाधला.

“ते तांदूळ-गूळ बंद कर आता,” त्याने शेवंतीला बजावलं. “सुशिक्षित माणसं तोंडाने आभार मानतात.”

“अहो, पण रिकामा टोप द्यायचा?”

“रिकामा कसा? थँक यू आहे ना त्यात!”

आणि टोप घेऊन तो स्वतःच गेला. मनुबाईने झाकण उघडलं, आत बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं.

“घरान सगला बरा हाय ना रं?”

“थँक यू, मावशी,” उत्तम हसून म्हणाला.

दोन दिवसांनी चिंबोऱ्यांनी गच्च भरलेला टोप आला, सोबत तांदळाचं गाठोडं. मास्तरच्या घरात चूल पेटत नाही, असं मनुबाईने आळीत सांगितलं असावं, कारण शेजारच्या हौसाबाईनेही सुके बोंबील पाठवले. शेवंतीला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. उत्तम मात्र चिंबोरीची नांगी फोडत म्हणाला, “बघितलंस? एका शब्दाची जादू!” तो टोपही लखलखीत आणि मोकळाच परत गेला.

पुढच्या रविवारी वर्गातल्या धाकूने हात वर केला. “सर, घरच्या मान्साला पन थँक यू बोलाचा? आयेला?”

“सगळ्यांना!” उत्तमला भरतं आलं. “एकदा थँक यू म्हटलं की कुणाचं काही देणं-घेणं उरत नाही. आता माझंच बघा. मावशींचा टोप येतो, मी थँक यू म्हणून परत करतो. विषय संपला.”

मनुबाई आत उंबऱ्याशी कोलंबी सोलत होती. तिचा हात थांबला. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. आपल्या शिकवण्याने ती भारावली, असं उत्तमला वाटलं.

त्यानंतर टोप आला नाही. रविवारी पडवीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फाटकं जाळं पसरलेलं होतं. मनुबाई मधोमध बसून ते विणत होती. तिने मान वर केली नाही. वर्ग रस्त्यावरूनच घरी गेला.

“आपण उपाशी असल्यासारखं म्हातारीला लुटलंत, आणि वर चारचौघांत म्हणालात विषय संपला!” शेवंती कधी नव्हे ती कडाडली. तेव्हा कुठे सरांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि आठवडाभर त्याला धड झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी शेवंतीने रव्याच्या लाडवांनी डबा शिगोशीग भरला. वर्ग रस्त्यावर उभा होता. जाळं तिथेच होतं. उत्तमने ते ओलांडलं नाही. “मावशी, चुकलं माझं,” एवढंच त्याला जमलं.

मनुबाई उठली आणि डबा घेऊन आत गेली. आतून भांडी घासल्याचा आवाज आला. डबा पदराने पुसत ती बाहेर आली आणि तिने तो उत्तमच्या हातात दिला. डबा हलका लागला. उत्तमने उघडून बघितलं. आत काही नव्हतं, गुळाचा खडासुद्धा नव्हता.

“थँक यू,” मनुबाई म्हणाली. स्वच्छ, खणखणीत. इतकं चांगलं त्याच्या वर्गात अजून एकालाही जमलं नव्हतं.

उत्तमची मान सवयीने झुकली. “मेन्शन नॉट,” तो म्हणाला.

मनुबाई पुन्हा जाळ्याशी बसली. तो रस्त्यावर आला तेव्हा धाकूने विचारलं, “सर, मावशी बरोबर बोल्ली ना?”

“अगदी बरोबर,” उत्तम म्हणाला. पडवी गेली होती, आणि यापुढे आपल्याला ‘सर’ म्हणणारं कुणी उरणार नाही, हे त्याला कळलं होतं.