दिलं की द्यायचं?

मी इंग्रजी काळांची सरावपुस्तिका बोलतेय. माझ्या पानोपानी गाळलेल्या जागा आहेत. शेजारी क्रियापद दिलेलं असतं, त्याचं योग्य रूप भरायचं.

नववीतल्या एका मुलीने माझी बारा पानं सोडवली आणि परीक्षा संपल्यावर मला कपाटात कोंबलं. दोन वर्षांनी मला बाहेर काढलं ते तिच्या आईने.

आई परिचारिका. हात इतका हलका, की सुई टोचलेली कळायची नाही. पण वॉर्डची नोंदवही इंग्रजीत. एका दुपारी तिने सात नंबरच्या आजोबांना इंजेक्शन दिलं आणि लिहिलं, 'आय गिव्ह इंजेक्शन.' पाळी बदलली. पुढच्या परिचारिकेने ते वाचून पुन्हा सुई भरली. आजोबाच म्हणाले, "अहो ताई, मघाशीच झालं की माझं."

मोठ्या सिस्टरांनी आईला बोलावलं. "दिलं की द्यायचं, हे वहीतून कळायला हवं. आजोबांना झोप लागली असती तर?"

हे तिने घरी लेकीला सांगितलं, तेव्हा मी ओट्यावर उघडी होते.

"आधी स्वतःला विचार," लेक म्हणाली, "काम झालंय, चाललंय, की व्हायचंय?"

"झालंय. पण औषध अजून अंगात आहे. त्याला काय म्हणायचं?"

लेकीने माझं एक पान उलटलं. "त्यालाच 'हॅव गिव्हन'."

महिनाभर आई रोज बसली. खोडून खोडून माझी काही पानं झिरझिरीत झाली. मग एक दिवस तिने वहीत 'आय हॅव गिव्हन' लिहिलं, पुढे वेळ घातली. सिस्टरांनी काही न विचारता सही केली.

लेकीने सोडवलेल्या पानांत एकच जागा कोरी होती. अकराव्या पानावर. 'माय फादर' आणि 'विथ अस' यांच्या मध्ये 'लिव्ह'चं, म्हणजे 'राहणे'चं, रूप भरायचं होतं. ती नववीत असतानाच तिचे वडील घर सोडून गेले होते. कुठे, ते त्यांनी कळवलं नाही.

आईने पेन्सिल बराच वेळ हातात धरली. मग लिहिलं, 'लिव्ह्ड'.

उत्तरं तपासायला लेक माझं शेवटचं पान काढून बसली होती. तिथे 'लिव्ह्ज' छापलंय. तिने ते पाहिलं, आईचं अक्षर पाहिलं.

"बरोबर," ती म्हणाली आणि खूण केली.

आता आईने मला वॉर्डातल्या टेबलाच्या खणात ठेवलंय. नव्या परिचारिका अधूनमधून चाळतात. तुमच्या हाती आले, तर अकराव्या पानावरचं उत्तर छापलेल्याशी जुळणार नाही. ते खोडू नका.