दात पाडलेलं विष

डांग्या खोकल्याच्या जंतूचं विष शरीराच्या पहारेकरी पेशींत थेट घुसतं. प्रागच्या प्रयोगशाळेत द्राहोमीराने त्या विषाचा दात पाडला होता, म्हणजे त्याचा मारक भाग निकामी केला होता. घुसण्याची कला तेवढी शाबूत ठेवली होती. मग त्याच्या पाठीवर कर्करोगाच्या गाठीतला एक तुकडा बांधून तिने ते आजारी उंदरांना टोचलं. पहारेकऱ्यांनी तो तुकडा मारेकरी पेशींना दाखवावा आणि त्यांनी गाठीवर तुटून पडावं, असा बेत होता.

गाठी विरल्या. पण शेजारच्या पिंजऱ्यात, जिथे तुकडा न बांधलेलं रिकामं विष दिलं होतं, तिथल्या गाठीही आक्रसल्या.

"परवा व्हिएन्नातल्या परिषदेत हे सांगतो," विभागप्रमुख ओतोमार म्हणाले.

"नका सांगू."

"अगं, उंदीर बरे झाले ना?"

"झाले, पण कशाने? हे विष ज्या जंतूंत वाढवतो, त्यांच्या सालीची घाण त्यात उतरली असणार. तिनेच शरीर खवळलं असेल."

"तू माझ्या सासूच्या वरताण आहेस. तिला निदान भाजलेलं बदक तरी पसंत पडतं."

"मला धुतलेलं विष पसंत पडेल. माझं विष खरं आहे, साहेब, म्हणूनच घाई नको म्हणते."

ओतोमार धुसफुसत गेले आणि व्हिएन्नात जुनंच काहीतरी बोलून आले. इकडे द्राहोमीराने साबणासारख्या द्रावणात विष धुऊन काढलं, तपासलं, पुन्हा धुतलं. निम्मं वाया गेलं. उरलं ते मात्र लख्ख होतं. तेच तिने नव्या उंदरांना टोचलं.

ईस्टर उलटल्यावर निकाल दिसू लागला. रिकाम्या विषाच्या पिंजऱ्यात गाठी फुगतच गेल्या. तुकडा बांधलेल्या विषाच्या पिंजऱ्यात त्या बोटाला लागेनाशा झाल्या. द्राहोमीराला आश्चर्य वाटलं नाही; खांदे मात्र सैल पडले. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

ओतोमारनी एकेक उंदीर हातात घेऊन चाचपला.

"व्हिएन्नात तोंडघशी पडलो असतो," ते म्हणाले. "बरं, माणसांवर कधी?"

"आधी मोठ्या गाठींवर बघू. या लहानच होत्या."

"म्हणजे अजून उंदीर."

"अजून उंदीर."

ओतोमारनी सुस्कारा सोडला आणि उंदीर मागवायला फोन उचलला.