बादशहाच्या चुकीचे पान

मित्रांनो, आग्र्याच्या शाही ग्रंथालयात हजारो पोथ्या होत्या. पण खुद्द बादशहाने जिच्यात स्वतःविरुद्ध साक्ष दिली, ती जुनी पोथी मी. मी त्याचे आत्मचरित्र आहे.

माझा कागद काश्मीरचा, अकीकाच्या दगडाने घोटलेला. बादशहाच्या हातच्या टिपणांवरून काजिम कातिबाने मला सुवाच्य अक्षरात उतरवले. कोणते खरबूज फिके निघाले, शिकारीत नेम कितीदा चुकला, सगळे माझ्यात आहे. स्वतःची स्तुतीही भरपूर आहे, खोटे कशाला बोलू?

एके दिवशी काजिमची लेखणी थांबली. मजकूर चंबळेच्या पुराचा होता. सरदार यादगार बेग म्हणाला होता, दोन दिवस थांबू. बादशहाने ऐकले नाही आणि दोनशे स्वार वाहून गेले. ठपका मात्र यादगारवर आला. तो झुरून मेला, आणि बाजारात त्याच्या लेकीला, शिरीनबीबीला, लोक 'बुडव्याची लेक' म्हणू लागले. आता बादशहाने लिहिले होते, 'चूक माझी होती. यादगारचे म्हणणे खरे होते.' ज्याला जाब विचारणारा जगात कोणी नव्हता, त्याने स्वतःलाच जाब विचारला होता. ते शब्द अंगावर उमटताना मी थरारून गेले.

बादशहा वारला. वजिराने काजिमला ते पान फाडायला लावले. थोरल्या बादशहाची चूक जगाला कशाला दाखवायची, असे त्याचे म्हणणे. आमच्या पानांना आकडे नसतात. प्रत्येक पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहितात आणि त्यावरून पाने जुळवतात. काजिमने पान काढले, पण आधीच्या पानाच्या तळाचा शब्द खोडला नाही. वजिराच्या ते ध्यानातही आले नाही. तो पोथ्या बाळगत असे, वाचत नसे.

पुढे नवा बादशहा वडिलांची कहाणी वाचायला बसला. पानाच्या तळाशी शब्द होता 'यादगार' आणि पुढचे पान सुरू होत होते खरबुजांपासून.

"एवढ्या पुरात खरबुजं कुठून आली?" त्याने विचारले.

कातिब म्हातारा झालाय, त्याची नजर गेलीय, असे म्हणून वजिराने हात झटकले. काजिमला बोलावले. चुकीच्या उत्तराला तिथे लेखणीचा हात तोडत असत.

"नजर शाबूत आहे, हुजूर," काजिम म्हणाला. "पान फाडायचा हुकूम होता. जाळायचा नव्हता." आणि त्याने पागोट्याच्या घडीतून पान काढून पुढे ठेवले.

नव्या बादशहाने ते दोनदा वाचले. मग शिरीनबीबीला बोलावणे धाडले आणि तिच्यासमोर ते पान काजिमला भर दरबारात वाचायला लावले.

मित्रांनो, आज अभ्यासक माझ्यावर वाकून बसतात. बादशहाच्या शब्दावर कितपत विसंबावे, म्हणून मला इतर कागदांशी ताडून पाहतात. खुशाल पाहा. पण जुने पान नकोसे वाटले म्हणून फाडू नका. त्यावर कोणाची अब्रू टिकून असते, ते फाडणाऱ्याला ठाऊक नसते.

त्या दिवशी वाचून झाले तरी शिरीनबीबी जागची हलली नाही. ती काजिमला म्हणाली, "चाचा, आणखी एकदा वाचा. जरा हळू. अब्बांनाही ऐकू द्या."